पानसे सरांचं प्रात्यक्षिक

जावयाला जुगाराचा नाद लागलाय हे कळल्यावर दुसरा कुठला सासरा असता तर डोक्याला हात लावून बसला असता, नाहीतर व्याह्यांना फोन करून चार शब्द तरी सुनावले असते. शरदचंद्र पानसे यांनी यातलं काही केलं नाही. त्यांनी जर्मनीला न्यायच्या बॅगेत लोणच्याच्या बरण्यांशेजारी दोन जाडजूड पुस्तकं कोंबली आणि बायकोला म्हणाले, "साधना, पोराचं संभाव्यतेचं प्रकरण कच्चं राहिलंय. मी बघतो काय ते."

पुण्यातल्या एका कॉलेजात पानसे सरांनी आयुष्यभर संख्याशास्त्र शिकवलं होतं. त्यामुळे जगातली बहुतेक दुःखं अभ्यास नीट न केल्यामुळे होतात, अशी त्यांची पक्की समजूत. माणसाला एकदा गणित पटवून दिलं की तो शहाण्यासारखा वागतो म्हणे! डायबेटिस असून वाटीभर श्रीखंड चापणाऱ्या माणसाने हे बोलावं. पण सरांना कोण सांगणार?

लेक मैत्रेयी फ्रँकफुर्टला लागून असलेल्या एश्बॉर्नमध्ये राहायची. ती आणि तिचा नवरा उत्कर्ष, दोघंही सॉफ्टवेअरमधले, पदरात तनया नावाची गोड मुलगी. सगळं छान चाललं होतं, आणि उत्कर्षला रुलेट लागलं. आधी मोबाइलवर, मग शनिवारी-रविवारी जवळच्याच एका गावातल्या कॅसिनोत. गरम पाण्याच्या झऱ्यांचं ते टुमदार गाव. मैत्रेयीला वाटायचं, नवरा ऑफिसच्या कामात बुडालाय. बुडाला होताच, फक्त कामात नाही. हे उघडकीला आलं त्या दिवशी तिने घरातल्या एकूण एक कपड्याचे खिसे उलटे करून झटकले, चिपा सापडल्या त्या खिडकीतून फेकल्या, आणि उत्कर्षकडून तनयाच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली. वर एवढंच म्हणाली, "पुन्हा एकदा जरी दिसलं ना, उत्कर्ष, मी तनयाला घेऊन वेगळी होणार. भांडणार नाही, रडणार नाही. सरळ जाईन."

आणि मैत्रेयी बोलते ते करते, हे तिच्या बापाला पुरतं ठाऊक होतं.

तर तीन महिन्यांचा व्हिसा घेऊन सर आणि साधनाताई आले. आल्या आल्या सरांनी जेवणाच्या टेबलावर वर्ग भरवला. रोज संध्याकाळी उत्कर्ष ऑफिसमधून आला की त्याच्यासमोर चहाचा कप आणि कोरा कागद ठेवायचा.

"हे बघा उत्कर्षराव, चक्रावर घरं सदतीस. एक ते छत्तीस, आणि एक शून्य. तुम्ही एका आकड्यावर लावलं आणि तो आला, तर ते देतात पस्तीसपट. द्यायला हवं होतं छत्तीसपट. ही जी मधली फट आहे ना, त्या फटीतून कॅसिनोची झुंबरं येतात! लाल-काळ्यावर लावलं तरी तेच. शून्य आलं की अर्धं त्यांचं."

"हो बाबा. माहितीये मला," उत्कर्ष हळूच म्हणाला. "मला तर सगळे नियम पाठ आहेत. पण प्रॉब्लेम गणिताचा नाहीये."

"प्रत्येक प्रॉब्लेम गणिताचाच असतो."

उत्कर्ष गरीब स्वभावाचा. वाद घालायचा नाही. मंगळवारी संध्याकाळी तो एका गटात जायचा, तिथे असलीच माणसं खुर्च्या गोल मांडून एकमेकांना आपापलं सांगायची. सरांना ते फार हास्यास्पद वाटायचं. गोल बसून रडल्याने का कुठे आकडा बदलतो!

एकदा या वर्गातच उत्कर्षने विषय काढला. "बाबा, इथे एक सोय असते. श्पेरे म्हणतात. आपण आपणहून नाव द्यायचं. मग दाराशी पासपोर्ट तपासतात ना, तिथेच अडवतात. देशभरात कुठल्याच कॅसिनोत घेत नाहीत. गटातले सगळे म्हणतात, घेऊन टाक. मी विचार करतोय की..."

"म्हणजे सरकारदरबारी जुगारी म्हणून नोंद?" सरांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "पानशांचा जावई? काय बोलताय काय! उद्या तनयाच्या लग्नाच्या वेळी कोणी चौकशी केली म्हणजे?"

"बाबा, ती चौथीत आहे. आणि ती यादी बाहेर कोणाला दिसत नाही."

"यादी ती यादी. दाराला कुलूप लावून कोणी सज्जन होत नसतं, उत्कर्षराव. तुम्हाला आतून पटलं पाहिजे. मी आहे ना इथे."

उत्कर्षने मैत्रेयीकडे पाहिलं. मैत्रेयी लहानपणापासून बापाच्या शब्दाबाहेर नव्हती. ती म्हणाली, "बाबा म्हणतायत तर थांब ना थोडं." आणि तो थांबला. बिचारा!

पण सरांच्या मनात एक गोष्ट सलत राहिली. पोरगा ऐकतो, मान हलवतो, पण त्याच्या डोळ्यांत काही उजळत नाही. मग त्यांच्या लक्षात आलं, थिअरी झाली, प्रात्यक्षिक कुठे झालंय? खऱ्या टेबलावरचे खरे आकडे टिपून आणायचे, आणि ते जावयासमोर ठेवायचे. असली अक्कल फक्त प्राध्यापकालाच सुचू शकते. घरी सांगितलं तर बायका कल्ला करतील, म्हणून त्यांनी साधनाताईंना सांगितलं, "त्या झऱ्यांच्या गावी जाऊन गरम पाण्यात बसून येतो. गुडघ्यांना बरं पडेल."

कॅसिनोच्या दारातच पहिली ठेच लागली. तिथे कोटाशिवाय मोठ्या दालनात जाता येत नाही. सरांच्या अंगात साधनाताईंनी विणलेला स्वेटर. दारावरच्या माणसाने नम्रपणे एका खुंटाळ्याकडे हात केला. तिथे विसरभोळ्या पाहुण्यांसाठी कोट टांगलेले होते. दुसऱ्याच्या घामाचा कोट, शी! पण इलाज नव्हता. तो अडकवून, तोंडात साधनाताईंच्या डबीतली खोकल्याची लवंग धरून, सर टेबलापाशी जाऊन बसले आणि पेन्सिलने आकडे टिपू लागले.

आता या जागेचीही एक रीत असते. खुर्ची खेळणाऱ्याची. नोट चक्र फिरवणाऱ्या क्रुपिएच्या हातात द्यायची नाही, टेबलावर ठेवायची. तो "निश्ट्स गेट मेअर", म्हणजे आता लावणं बंद, असं म्हणाला की मग चिपेला बोटसुद्धा लावायचं नाही. मोबाइल खिशात. सर बराच वेळ नुसतेच लिहीत बसले, तेव्हा क्रुपिएने अगदी गोड शब्दांत विचारलं, साहेब खेळणार आहेत का? सगळं टेबल सरांकडे बघायला लागलं. चारचौघांत उठवलं जाणं पानसे सरांना जन्मात सहन झालं नसतं. म्हणून, निव्वळ सभ्यपणा म्हणून, त्यांनी सगळ्यात लहान चिप घेतली आणि ठेवली तेवीसवर. का तेवीस? तर लग्नाची तारीख! आयुष्यभर वर्गात असल्या लोकांची टिंगल केलेला माणूस हा.

आणि चेंडू तेवीसवर जाऊन बसला की हो.

शेजारी मोत्यांची माळ घातलेली एक म्हातारी होती. ती इंग्रजीत कुजबुजली, "आता एक चिप नोकरवर्गासाठी द्यायची असते. तशी पद्धत आहे." सरांनी एक चिप पुढे सरकवली. क्रुपिएने ती टेबलाच्या फटीत टाकली आणि सगळ्यांच्या वतीने खणखणीत आवाजात आभार मानले. म्हातारीने विचारलं, तुम्ही काय लिहिता? सरांनी सांगितलं. अय्या, प्रोफेसर का! ती क्रुपिएला म्हणाली, हे प्रोफेसर आहेत. क्रुपिएने मान लववली. "हेर प्रोफेसर." म्हणजे प्रोफेसरसाहेब!

निवृत्तीनंतर पुण्यात त्यांना कोणी सर म्हणत नव्हतं. सोसायटीत ते बी-विंगचे पानसे. आणि लेकीच्या घरी? बाबा, प्लास्टिक पिवळ्या डब्यात. बाबा, रविवारी मिक्सर नको, शेजारी तक्रार करतात. तनयाला काही समजावायला जावं तर ती "ओपा, इश वाइस", आजोबा, माहितीये मला, असं म्हणून आपल्या खोलीत. आणि इथे, या झुंबराखाली, कोट घातलेला एक उंचापुरा गोरा माणूस त्यांच्यापुढे मान लववत होता. सरांना रडूच यायचं बाकी होतं. खरं सांगायचं तर त्या क्षणीच त्यांचा निकाल लागला.

पुढच्या वेळी त्यांनी जावयाचा नेव्ही ब्लू ब्लेझर कपाटातून काढला. बेतून शिवल्यासारखा बसला. सगळे बाहेर पडले की साधनाताईंची नजर चुकवून घालायचा, संध्याकाळी सगळे यायच्या आत जागच्या जागी टांगायचा. आधी म्हणाले, आकडे अजून पुरेसे जमले नाहीत. मग आकडे लिहायचं राहून गेलं. मग पुण्यातली एक ठेव बायकोला न विचारता फोनवरून मोडली. आणि गंमत ऐका, संध्याकाळचा वर्ग मात्र चुकत नव्हता! कॅसिनोतून यायचं, हातपाय धुवायचे आणि जावयाला सांगायचं, "मोह आवरणं म्हणजेच शिक्षण, उत्कर्षराव." मनाला जराही टोचत नव्हतं. आपण जातो ते वेगळं, आपल्याला गणित येतं.

"अहो, टॉवेल कोरडाच आणता रोज?" साधनाताईंनी एकदा विचारलं.

"तिकडे देतात टॉवेल."

साधनाताईंनी टॉवेल घडी करून ठेवला. संसाराला इतकी वर्षं झाली की बाई काय काय बोलत नाही, त्याची मोजदाद नसते.

परतीचं विमान जवळ आलं होतं. शनिवारी सकाळी मैत्रेयीने ऑफिसच्या समारंभासाठी उत्कर्षचा ब्लेझर इस्त्रीला काढला, सवयीने खिशात हात घातला, आणि तिथेच पुतळ्यासारखी उभी राहिली. तिच्या तळहातावर चिप होती. कॅसिनोचं नाव छापलेली.

"उत्कर्ष."

उत्कर्ष पोह्यांची बशी घेऊन आला. त्याने चिप पाहिली आणि त्याच्या तोंडचं पाणी पळालं. "ही माझी नाही."

"ब्लेझर कोणाचा आहे?"

"माझा. पण मी गेलो नाही. तनयाची शपथ, मैत्रेयी."

"तिचं नाव घेऊ नकोस!" मैत्रेयीचा आवाज चिरकला. "मी स्वतः हे खिसे झटकले होते. स्वतःच्या हातांनी! बाबा, तुम्ही सांगा. जुनी राहिली असेल का ही? शक्यता आहे का?"

पानसे सर खुर्चीत बसले होते. पायाखालची जमीन सरकली, पण जीभ जागेवर होती. आत्ता बोलायचं होतं. चार शब्द पुरे होते. पण लेक त्यांच्याकडे ज्या नजरेने पाहत होती, ती नजर त्यांना गमवायची नव्हती. ते घसा खाकरून म्हणाले, "तू खिसे झटकले होतेस म्हणतेस, तर जुनी असण्याची शक्यता नगण्य."

वाक्य एकदम बरोबर होतं. हीच तर खरी लबाडी.

उत्कर्षने ब्लेझर हातात घेतला. दुसऱ्या खिशात बोटं घातली. काहीतरी काढलं, पाहिलं, आणि मूठ मिटली. साधनाताईंचं लक्ष होतं. मग तो आत गेला आणि बॅग भरू लागला. मैत्रेयी भांडली नाही, रडली नाही. तिने फक्त एवढंच सांगितलं की तू जा, नाहीतर मी आणि तनया जातो.

सर त्याच्यामागे जिना उतरून गेले. काय करायला, ते त्यांनाही ठाऊक नव्हतं. खाली सायकलींच्या खोलीपाशी उत्कर्ष थांबला आणि त्याने मूठ उघडली. लवंग होती.

"उत्कर्षराव, मी फक्त निरीक्षण करायला..."

"बाबा, मला नका सांगू." त्याचा आवाज चढला नाही, हेच वाईट होतं. "मीही तिला हेच सांगायचो. फक्त बघायला जातो म्हणून."

सरांनी मान खाली घातली.

"श्पेरे घेतली असती तर मी गेलो नाही हे आज सांगता आलं असतं. तुम्ही नको म्हणालात, मी ऐकलं. आता वर जाऊन मी तुमचं नाव घेतलं, तर ती म्हणेल, बघा, आता हा माझ्या बापावर ढकलायला निघाला. ती मला दारात उभं करणार नाही. तुम्ही सांगा, बाबा. तुम्ही सांगितलंत तर तिला खरं वाटेल. मी झिंडेलफिंगेनला मित्राकडे, रुपेशकडे आहे." आणि लवंग सरांच्या हातावर ठेवून तो स्टेशनकडे चालायला लागला.

दुपारी खोलीत साधनाताई कपड्यांच्या घड्या घालत होत्या. वर न बघता म्हणाल्या, "अहो, ती लवंग माझ्या डबीतली होती."

"मग?"

"मग काही नाही. पोरीचं घर मोडतंय. तुम्ही सांगताय की मी सांगू?"

"मी सांगतो," सर म्हणाले. "संध्याकाळी सांगतो. तू मध्ये पडू नकोस."

संध्याकाळी मैत्रेयीने वरण-भात वाढला. तनया "पापा कुठे गेला" असं जर्मनमध्ये दोनदा विचारून, उत्तर न मिळाल्यावर, ताट तसंच टाकून झोपायला गेली होती. मैत्रेयीचे डोळे सुजले होते.

"बाबा," ती म्हणाली, "मला काही सुचत नाहीये. मी त्याला सोडायचं म्हणते, पण माझा जीव तुटतो. तुम्ही कधी खोटं बोलला नाहीत, कधी चुकीचं वागला नाहीत. तुम्ही म्हणाल ते मी करीन. सोड म्हणालात तर सोडीन. ठेव म्हणालात तर ठेवीन."

अहो, एवढं सोपं कोणाला करून मिळतं? लेकीने सगळं हातात आणून ठेवलं होतं. एकच वाक्य: मैत्रेयी, ब्लेझर मी घातला होता. साधनाताईंनी हातातली पळी खाली ठेवली आणि नवऱ्याच्या तोंडाकडे बघत राहिल्या. सरांनी तोंड उघडलंही. मग त्यांना दिसलं की हे वाक्य बोललं की आपण या टेबलावरचे बाबा उरणार नाही. कोणाचेच कोणी उरणार नाही. आणि त्याच क्षणी, वर्गात एखादा अवघड प्रश्न सुटावा तसा, त्यांना मार्ग सुचला. किती सुबक! घरही वाचेल आणि आपणही.

"त्याला एक संधी दे," पानसे सर म्हणाले. "माणूस घसरतो, बाळ. मी त्याला माफ केलंय. तूही कर."

मैत्रेयीला हुंदका फुटला. तिने बापाचा हात धरून कपाळाला लावला. "किती मोठं मन आहे तुमचं, बाबा." साधनाताई उठल्या आणि न जेवता आत निघून गेल्या. मैत्रेयीला वाटलं, आईला जावयाचं दुःख झालंय.

तिने तिथूनच उत्कर्षला फोन लावला. स्पीकरवर. "बाबांनी तुझी बाजू घेतली म्हणून फोन करतेय. सोमवारी पहिल्यांदा ती श्पेरे घ्यायची. आणि उद्या येऊन बाबांची माफी मागायची. त्यांनी एवढं शिकवलं, आणि तू असे पांग फेडलेस."



"बाबांनी आणखी काही सांगितलं?" उत्कर्षने विचारलं.

"आणखी काय सांगायचंय त्यांना?"

सर फोनकडे बघत होते. भात निवत चालला होता.

"तनया काय करतेय?" पलीकडून आवाज आला.

"जेवली नाही. पापा पाहिजे म्हणत झोपली."

"येतो," उत्कर्ष म्हणाला.

रविवारी दुपारी तो आला. दाढी वाढलेली, रात्रभर झोप नसल्यासारखे डोळे. तनया धावत जाऊन त्याच्या कमरेला बिलगली, तिला त्याने हळूच बाजूला केलं. सर सोफ्यावर बसले होते, मैत्रेयीने इस्त्री करून दिलेला पांढरा सदरा घालून. उत्कर्ष त्यांच्यासमोर आला. एक पळभर त्याने थेट त्यांच्या डोळ्यांत बघितलं. अजूनही वेळ गेली नव्हती. सरांनी नजर खिडकीकडे वळवली.

उत्कर्ष वाकला. दोन्ही हात सासऱ्याच्या पायांवर ठेवले.

"चुकलो, बाबा."

सरांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. "असू दे," ते म्हणाले. "पुन्हा नको असं करू."

मैत्रेयीने डोळे पुसले. "बाबांमुळे या घरात परत आलायस," ती नवऱ्याला म्हणाली. "जन्मभर लक्षात ठेव."

उत्कर्ष अजून खाली वाकलेलाच होता.

"ठेवीन," तो म्हणाला.